सगळ्या बाजाराले एकच कलर? – वाचकांचे प्रश्न

या खेपेला स्लॅबच्या गळतीचे आणि सेप्टिक टँकचे प्रश्न बाजूला ठेवले, पुढच्या अंकात घेतो, कारण मेन रोडच्या रंगाबद्दल आणि बोर्डांबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकी काही घ्यायला जागाच उरली नाही. एकानं तर वहीची सहा पानं लिहून पाठवली, त्यातलं अर्धं नगरसेवकाबद्दल होतं ते गाळलंय. पत्रं ज्यांची त्यांच्याच बोलीत ठेवली, नावं काढली.

"भाऊ, आमच्या इथं चौक ते बसस्टँड हा मेन रोड. नगरपरिषदेनं ठराव करून टाकला का दोन्ही बाजूच्या सगळ्या दुकानाईले एकच कलर पाहिजे, खाली चॉकलेटी आन् वरतं क्रीम, बोर्ड बी सगळ्याईचे एकाच साइजचे. पैसे आपलेच. तीस दिवसाची नोटीस हाय. माहं दुकान आज्यापासून हिरवं हाय, खेड्यावरची बाई एसटीतून उतरली का हिरवं दुकान कुठी हाय म्हणून विचारते. आता सारेच चॉकलेटी झाले त ते मले ओळखन कशी? पण खरं सांगू का, रोड दिसते बी भयान, ते बी पटते. मंग मानावं का भांडावं?"
– कापड दुकानदार, वर्धा जिल्हा

भाऊ, रोड भयान दिसते हे स्वतः दुकानदारानं कबूल केलेलं मी पहिल्यांदा वाचलं, म्हणून तुमचंच पत्र आधी घेतलं.

पहिले कायद्याचं उरकून टाकू. ठराव म्हणजे कायदा नाही. नगरपरिषद चालते १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमावर, त्यात रस्त्यावर आलेलं छपर, पायऱ्या, लटकलेला बोर्ड, जाहिरातीचं होर्डिंग यावर हात टाकायचे अधिकार मुख्याधिकाऱ्याला आहेत, तिथं भांडून फायदा नाही. पण तुमच्या स्वतःच्या जागेतल्या भिंतीला कोणता रंग, हे कायमचं ठरवून द्यायचं तर त्याला नियमाचा किंवा उपविधीचा (म्हणजे नगरपरिषदेनं रीतसर केलेल्या स्वतःच्या नियमाचा) आधार पाहिजे, आणि उपविधी म्हटला की मसुदा जाहीर करा, लोकांच्या हरकती-सूचना मागवा, वरून मंजुरी घ्या, हे सगळं आलं. एरवी २०२० पासून जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली, तिच्यात साध्या इमारतीला नुसता रंग मारायला परवानगीसुद्धा लागत नाही. वारसा यादीतल्या इमारतीची गोष्ट वेगळी, तिथं बाहेरून रंगवायच्या आधी विचारावं लागतं. त्यामुळे नोटीस कोणत्या कलमाखाली काढली हे लेखी विचारा, माहिती अधिकारात ठरावाची नक्कल मागा, आणि पटलं नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली नगरपरिषदेचा ठराव थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, तिकडे अर्ज करता येते. पण थांबा, अर्ज लगेच लिहायला बसू नका.

कारण बाजाराला एक शिस्त लावणं ही कल्पना वाईट नाही, पार जुनी आहे. जयपूर १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंहानं गेरूच्या छटेत रंगवून घेतलं, आज तो रंग म्हणजेच ते शहर, २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. लखनौच्या हजरतगंजला २०० वर्षं झाली म्हणून २०१० मध्ये सगळ्या इमारती एका रंगात आणि पाट्या एका नमुन्यात आणल्या. ही उदाहरणं तुमचे नगरसेवक सांगतीलच, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतच असतात. पण जयपूरच्या त्या रंगाखाली आधीच एका मापाची दुकानं, एका उंचीच्या कमानी, सरळ रस्ते होते, शहरच सूत धरून बसवलेलं होतं, रंग फक्त वरून आला. आपल्या मेन रोडवर एक दुकान सागवानी खांबांचं, शेजारी काचेचं तीन मजली मोबाइल शॉप, त्याच्या शेजारी टिनाचं हॉटेल, मग एक पडका वाडा आणि त्यावर कोणाच्यातरी वाढदिवसाचं फ्लेक्स, त्या फ्लेक्सवर बत्तीस फोटो. याला चॉकलेटी मारून काय होईल? चॉकलेटी रंगाचा गोंधळ होईल, दुसरं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की रोड भयान दिसते ते रंगामुळे नाही, बोर्डामुळे. चौकात उभं राहून मोबाइलनं एक फोटो काढा आणि त्यात भिंत किती दिसते ते पाहा. पहिला मजला फ्लेक्सनं झाकलेला, दुसऱ्याच्या खिडक्यांवर एसीपीचे चकचकीत पत्रे, गच्चीवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर क्लासेसची जाहिरात. रंगवायला भिंत उरलीच कुठं? म्हणून आधी बोर्ड आवरा, रंगाचं नंतर पाहू.

बोर्ड आवरायचे म्हणजे सगळ्यांना एकच साइज नाही, ते उलट चूक आहे, दहा फुटाच्या पानठेल्याला आणि चाळीस फुटाच्या भांड्याच्या दुकानाला एक साइज कशी चालेल? ब्राझीलच्या साओ पावलो शहरानं २००७ पासून होर्डिंग पूर्ण बंद केले, हजारोंनी उतरवले, आणि दुकानांना मोजमाप दिलं ते दर्शनी रुंदीवर – दहा मीटरपेक्षा कमी रुंदीचं दुकान असेल तर बोर्ड दीड चौरस मीटर, त्याहून मोठं असेल तर चार. दीड चौरस मीटर म्हणजे आपले साधारण सोळा चौरस फूट, आठ बाय दोनची पाटी. आपल्याकडची बहुतेक दुकानं दहा-बारा फुटाचीच, त्यांना आठ बाय दोन भरपूर झाली.

तुम्ही म्हणाल एवढी लहान पाटी दिसन कशी. पाटी रंगवणाऱ्यांचा एक जुना हिशोब आहे, दहा फूट अंतराला एक इंच अक्षर ठेवलं की आरामात वाचता येते. तुमचा रोड चाळीस फुटाचा धरला तर समोरच्या बाजूनं वाचायला चार इंचाचं अक्षर पुरते, आणि बसस्टँडकडून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला शंभर फुटावरून दिसावं म्हटलं तर दहा इंच. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दहा इंचाच्या अक्षराला दीड फूट उंची सोडा, दोन फुटाच्या पाटीत आरामात बसते. बाकी जे सहा-सहा फुटाचे बोर्ड लागतात ते गिऱ्हाइकासाठी नसतातच, शेजाऱ्याच्या बोर्डाला झाकायला असतात. आणि सगळेच झाकायला लागले की कोणीच दिसत नाही, तुमची खेड्यावरची बाई आजही बोर्ड वाचून येत नाही, हिरवा रंग विचारत येते, हे तुम्हीच लिहिलंय नं.

जागा कुठली, हे साइजपेक्षाही महत्त्वाचं. मुंबईच्या डी. एन. रोडवर, म्हणजे दादाभाई नौरोजी रस्त्यावर, नव्वदीच्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा लांबा यांनी दुकानांच्या पाट्यांचं काम हाती घेतलं. तिथं कोणालाही एक रंग लावायला सांगितला नाही, सांगितलं एवढंच की पाटी कमानीच्या आत बसवा, दगडी कमान आणि खांब झाकू नका. नंतर तिथल्या लोकांनी आपली संघटनासुद्धा केली. आपल्याकडे कमानी नाहीत, पण शटरच्या वर आणि छज्ज्याच्या खाली जी दोन-अडीच फुटाची पट्टी असते ती प्रत्येक दुकानाला असतेच. पाटी त्या पट्टीत. खिडकीवर नाही, गॅलरीच्या कठड्यावर नाही, गच्चीवर तर बिलकुलच नाही. गच्चीवरच्या सांगाड्याचं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात जे वादळ सुटते ते तुम्ही पाहताच, टिनं उडून दुसऱ्याच्या वावरात सापडतात. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी असंच वादळ आलं आणि १२० बाय १२० फुटाचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, १७ माणसं गेली. ४० बाय ४० च्या वर परवानगी नव्हती तिथं. तुमच्या गावातलं होर्डिंग एवढं मोठं नाही, पण खाली भाजीवाली बसते तिच्यासाठी वीस फुटाचा सांगाडाही पुरेसा आहे.

आता रंग. नियम करायचाच असेल तर एक रंग नको, रंगांचं घराणं ठरवा. आपल्याकडच्या जुन्या घरांवर काय होतं आठवा – पांढऱ्या मातीचा पोतारा, चुना, चुन्यात जरा नीळ, गेरूचा पट्टा, पिवळी माती, आणि दारं-खिडक्यांना हिरवा नाहीतर निळा ऑइल पेंट. तुमच्या आजोबांनी हिरवा कुठून आणला असेल? त्या दारावरूनच. म्हणून सभेत हे मांडा की भिंतीला पांढरा, फिका पिवळा, फिका गेरू, फिका निळसर यातलं ज्याचं त्यानं निवडावं, आणि दार, शटर, खांब, पाटी याला गडद रंग ज्याचा त्याचा. तुमचं शटर आणि पाटी हिरवी राहिली की दुकान हिरवंच राहिलं. कोणत्या छटा हे ठरवायला नागपूरहून कन्सल्टंट आणायची गरज नाही, जुन्या भिंतीचा पोपडा खरवडा, खालून तीन-चार थर निघतात, प्रत्येक थराचा फोटो काढा, तोच तुमचा शेड कार्ड.

आणि चॉकलेटी का नको याचं दुसरं कारण ऊन. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ पारा, पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावून पाहा. स्वच्छ पांढरा चुना अंगावर पडलेल्या उन्हातलं दोन तृतीयांशाहून जास्त परत फेकते, गडद चॉकलेटी त्याच्या पाव हिस्साही फेकत नाही, बाकी सगळं भिंतीत आणि मग दुकानात, आणि तुमचं कूलर रात्री दहापर्यंत तेच ऊन बाहेर काढत बसते. ज्यानं हा रंग निवडला त्यानं तो हिवाळ्यात निवडला असेल.

तीस दिवसाबद्दल एकच सांगतो. जपानच्या क्योटो शहरानं २००७ मध्ये असाच कडक नियम केला, गच्चीवरचे आणि लुकलुकणारे बोर्ड बंद, भडक रंगावर बंदी, तिथं मोठमोठ्या कंपन्यांचे लाल बोर्डसुद्धा तपकिरी झाले. पण जुन्या बोर्डांना मुदत किती दिली माहिताय? सात वर्षं. बोर्ड आपोआप जुना होतेच, बदलायची वेळ आली की नव्या मापाचा लावायचा. तुम्ही सात नका मागू, दोन दिवाळ्या मागा. दिवाळीच्या आधी आपण रंगवतोच.

तर मानावं की भांडावं – अर्ज द्या, पण नको म्हणून नाही, असं करा म्हणून द्या. वीस दुकानदारांच्या सह्या घ्या, सोबत तो चौकातला फोटो जोडा.

"माझ्या पाटीवर मराठी, हिंदी आन् उर्दू तिन्ही हाय, माहे गिऱ्हाईक तसे हायेत. आता काही लोकं म्हणून राहिले का नवीन नियमात फक्त मराठीच चालन. खरं हाय का?"
– चप्पल-बुटाचे व्यापारी, अकोला जिल्हा

नाही, दोन गोष्टी मिसळल्या जाऊन राहिल्या. दुकानाची पाटी मराठीत पाहिजे हे बरोबर, आणि त्याला आता पळवाट नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये कलम ३६-क टाकलं, आधी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं सुटायची, ती सवलत गेली. मराठी अक्षर देवनागरीत, सुरुवातीला, आणि दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नाही. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली. दंड लाखापर्यंत जाऊ शकते. (याच कायद्यात हेही आहे की दारूच्या दुकानाला महापुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही. हे एक कलम मला मनापासून आवडते.)

पण मराठी पाहिजे म्हणजे दुसरी नको असं त्यात कुठंच नाही. हिंदी ठेवा, उर्दू ठेवा, फक्त मराठी वर आणि तेवढीच मोठी. आणि उर्दूचं म्हणाल तर तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती, त्यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल आला की मराठीसोबत उर्दू वापरायला कायद्याची आडकाठी नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती सरकारी इमारतीची पाटी होती, तुमची तर स्वतःची आहे.

फक्त एक पाहा, आठ बाय दोनच्या पाटीत तीन लिप्या कोंबल्या तर एकही वाचता येणार नाही. मराठी वरच्या ओळीत मोठं नाव, खाली दोन बाजूला हिंदी आणि उर्दू. फोन नंबर, जीएसटी नंबर, प्रोप्रायटर, "आमची कुठेही शाखा नाही" हे सगळं शटरच्या बाजूच्या भिंतीवर लहान पाटीत टाका.

"कृषी केंद्र चालवतो. बियाण्याची कंपनी दरवर्षी नवीन बोर्ड फुकट लावून देते, लाइटवाला. आता नगरपरिषद म्हणते कंपनीचा बोर्ड काढा. फुकटचं कोण सोडते राजेहो?"
– यवतमाळ जिल्हा

तुमच्या बोर्डाचा फोटो पाहिला. कंपनीचं नाव तीन फुटाचं, कापसाचं बोंड दोन फुटाचं, आणि तुमचं नाव खाली कोपऱ्यात, लग्नपत्रिकेतल्या "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" इतकं. मग तो बोर्ड तुमचा कसा? भिंत तुमची, लाइटबिल तुमचं, जाहिरात त्यांची. आणि शेजारच्या कृषी केंद्राला दुसऱ्या कंपनीनं तसाच दिला म्हणजे शेतकऱ्याला दोन्ही दुकानं सारखीच.

नियमाच्या दृष्टीनं सुद्धा फरक आहे, स्वतःच्या दुकानाच्या नावाची पाटी ही एक गोष्ट आणि मालाची जाहिरात ही दुसरी, जाहिरात म्हटली की परवानगी आणि फी लागू शकते, ते बिल कंपनी भरते का विचारून पाहा, मग फुकट आहे की नाही कळेल. सभेत मधला रस्ता सुचवा, की कंपनीचं चिन्ह पाटीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही आणि नाव दुकानाचं. कंपन्या मानतात, त्यांना भिंत पाहिजे असते.

"आमचा वाडा मेन रोडवर हाय, खाली दुकान. सागवानाचे नक्षीचे खांब, वरती लाकडी गॅलरी. बाबा म्हणतेत सारं एसीपीनं झाकून टाकू, मॉलसारखं दिसन, आन् दरवर्षीच्या रंगाचा ताप बी जाईन. मी मनाई केली त म्हणतेत तुले काय समजते. मी शिक्षिका हाओ."
– वाशीम जिल्हा

ताई, बाबांना हे उत्तर वाचायला द्या, त्यांच्या रंगाच्या तापाबद्दलच बोलतो.

एसीपी म्हणजे काय, ॲल्युमिनियमचे दोन कागदासारखे पातळ पत्रे आणि मधात प्लास्टिक, सगळं मिळून तीन-चार मिलिमीटर. स्वस्त मालात ते मधलं प्लास्टिक साधं पॉलिथीन असते. लंडनची ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ च्या रात्री पेटली, ७२ माणसं गेली, आग बाहेरून वर चढत गेली ती अशाच आवरणावरून. तुमचा वाडा चोवीस मजली नाही हे खरं, पण मागं सगळं सागवान आहे, आणि समोर दहा फुटावर बोर्डाचं वायरिंग, ते कोणी केलं ते बाबांनाच माहीत. एसीपीच्या मागं जी पोकळी राहते त्यात आधी उंदीर, मग पावसाचं पाणी, आणि लाकडाला वारा मिळत नाही. पाच-सात वर्षांनी पत्रा काढाल तेव्हा खांबाच्या बुडाशी वाळवी सापडेल. मी असे दोन वाडे उघडलेले पाहिलेत, एकाचा खांब बोटानं कोरता येत होता.

आणि खिडक्या? गॅलरी झाकली की वरच्या खोल्यांत मे महिन्यात माणूस बसू शकणार नाही. आपल्या म्हाताऱ्यांनी ती लाकडी गॅलरी शोभेला नव्हती केली, सावली भिंतीवर पडावी म्हणून केली.

रंगाचा ताप कमी करायचा तर दुसरा उपाय आहे. भिंत विटा-मातीची किंवा चुन्याची असेल तर तिच्यावर प्लास्टिक पेंट मारू नका, भिंतीतली ओल बाहेर येऊ शकत नाही आणि पोपडे तिथूनच सुरू होतात, मग तुम्ही दरवर्षी रंगवता आणि दरवर्षी शिव्या देता. चुना मारा. चुना आठ-दहा दिवस पाण्यात विझवून, गाळून, पातळ तीन हात. रंग पाहिजे तर त्यात गेरू किंवा पिवळी माती, हे लोखंडाच्या गंजाचे रंग आहेत, उन्हानं उडत नाहीत. फ्लेक्सवरचा लाल सहा महिन्यांत गुलाबी होते, गेरू मातीत कधीचा पडलेला असते तरी गेरूच राहते. लाकडाला खरवडून, घासून जवसाचं तेल, ऑइल पेंट नको. कारंजा लाडच्या बाजूची तुम्ही असाल तर तिथल्या जैन मंदिरांतलं लाकडाचं काम बाबांना एकदा दाखवून आणा, आणि विचारा, यावर पत्रा ठोकायचा का?

एक काम मात्र कागदावर करा. नगरपरिषदेकडं अर्ज देऊन विचारा की वारसा यादी केलीय का, आणि नसेल तर तुमच्या वाड्याचं नाव त्यात घ्यावं. बाबांना आवडणार नाही, त्यांना वाटेल घर सरकारजमा झालं. तसं नसते, घर तुमचंच राहते, फक्त तोडायच्या, झाकायच्या आधी विचारावं लागते. त्यांना हे समजावायला दोन-तीन संध्याकाळी जातील.

"समोरच्या दुकानाचा पळत्या अक्षराचा एलईडी रात्रभर चालू असते, आमच्या बेडरूममध्ये लाल-हिरवं होते. काही करता येईल काय?"
– अमरावती जिल्हा

आधी दुकानदाराशी बोला, टायमर बसवायला खर्च फार नाही. त्याला हेही सांगा की पावसाळ्यात पांढऱ्याफटक लाइटवर सगळी पाखरं त्याच्याच काउंटरवर येऊन पडतात, पिवळसर लाइट लावला तर कमी येतील. नाही ऐकलं तर मुख्याधिकाऱ्याकडे लेखी. आणि तुमच्या गावात बोर्डाचा नियम होत असेल तर तीन शब्द त्यात घालायला लावा – स्थिर, पिवळसर, दहापर्यंत. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उलटा नियम आहे, १९८७ पासून तिथल्या नव्या इमारतींना मोठे लाइटचे बोर्ड लावायची सक्ती आहे, कारण झगमगाट हीच त्या चौकाची ओळख. तुमच्या बेडरूमची नाही.

"आमची ग्रामपंचायत, बाजारात मोजून बारा दुकानं. आमाले असं काही करता येते का?"
– चंद्रपूर जिल्हा

तुम्हालाच सगळ्यात सोपं आहे. बारा माणसं एका ओट्यावर बसू शकतात. ग्रामसभेत मांडा, चुना-गेरू एकत्र ठोकमध्ये आणा, पोळ्यानंतर पाऊस उघडला की सगळ्यांनी एका आठवड्यात उरका. आणि भिंतींवरच्या पक्षाच्या जुन्या घोषणा त्यातच पुसून जातील. मालकाला न विचारता दिसेल त्या भिंतीवर लिहिणाऱ्यांसाठी १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, तो त्यांना एकदा वाचून दाखवा.

"भाऊ, मी पेंटर. तीस वर्षं पाट्या लिहिल्या, शटरं लिहिले, ट्रकचे मागचे फळे लिहिले. फ्लेक्स आला आन् काम गेलं, आता मी घरं रंगवतो. हे एकसारखे बोर्ड करणार म्हणतेत त तेबी कम्प्युटरवरच होतीन नं? आमाले त्यात काही हाय का?"
– बुलडाणा जिल्हा

दादा, जसं चाललंय तसं चाललं तर काही नाही. एकच साइज, एकच अक्षर म्हटलं की एका कॉन्ट्रॅक्टरला ठेका, एका मशिनवर पाचशे बोर्ड, सगळे एका फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्टही असा की ज्यात "र्‍हा" तुटतो आणि "क्ष" वेगळा पडतो. म्हणूनच वर त्या कापडवाल्या भाऊंना सांगितलं की माप ठरवा, जागा ठरवा, अक्षर ठरवू नका.

नियमात एक ओळ घालता येते, की पाटी लाकूड, पत्रा किंवा थेट भिंतीवर हातानं रंगवलेली असेल तर फी नाही, फ्लेक्स असेल तर फी. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, उतरवल्यावर कुठं जाते तुम्हाला माहीत आहे, गोठ्याच्या छपरावर नाहीतर नालीत. पत्र्यावरची ऑइल पेंटची पाटी उन्हात आठ-दहा वर्षं जाते आणि नंतर त्याच पत्र्यावर पुन्हा लिहिता येते. दुकानदाराला हा हिशोब फ्लेक्सवाला सांगणार नाही, तुम्ही सांगा.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले फोटो पाहिले. १९९४ ची ती सायकल दुकानाची पाटी, "सायकल"मधल्या "य"च्या पोटात चाक काढलेलं आणि सुतानं मारलेली खालची पिवळी रेघ, अजून सरळ आहे. माझं ऐकाल तर नगरपरिषदेच्या त्या सभेला हात हलवत जाऊ नका. दोन फूट बाय आठचा पत्रा घ्या, घरून रंगवून न्या, मराठी नाव वर, खाली जे काय असेल ते, आणि सभागृहाच्या भिंतीला टेकवून ठेवा. नगराध्यक्षाचं नाव लिहू नका त्यावर, तो घरी घेऊन जाईल.